चारशे पैशांचे किती?

आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर तीन गोष्टी टांगलेल्या होत्या. दत्ताची तसबीर, आजोबांचा पगडीतला फोटो आणि त्या दोघांच्या मधोमध एक कोष्टक. दत्त आणि आजोबा माझ्या जन्माच्या आधीपासून तिथं होते. कोष्टक १९५७ च्या मार्चमध्ये आलं आणि आल्या आल्या त्यानं मधली जागा पटकावली. ते वडिलांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बोरूनं, वळणदार अक्षरात उतरवून काढलं होतं. डावीकडे आणे, उजवीकडे नवे पैसे. एक आणा म्हणजे ६, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यामुळे त्यांनी ते घरच्यांकडून मोठ्यानं म्हणवूनही घेतलं. आई म्हणाली, मी म्हटलं, धाकटीनं बोबडं म्हटलं. आजी मात्र तिसऱ्या ओळीवर अडली.

"एकाला सहा, दोनाला बारा, मग तिनाला एकोणीस कसे रे?"

"आई, ते तसंच आहे."

"आणि चाराला पंचवीस? हा पाढा म्हणायचा की पोराची उंची?"

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण सरकारच्या त्या कोष्टकावर आमच्या घरातला पहिला अभिप्राय तिचा होता, आणि तो योग्य होता हे मान्य करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

ज्यांचा जन्म १९५७ नंतरचा आहे, त्यांना ही भानगड थोडी समजावून सांगायला हवी. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. पै बाजारातून केव्हाच उठून गेली होती, पण शाळेच्या गणितात ती पेन्शन घेऊन ठाण मांडून होती. रुपये-आणे-पैची बेरीज करायची म्हणजे उजवीकडच्या रकान्यात बारा झाले की हातचा, मधल्यात सोळा झाले की हातचा आणि डावीकडे दहा झाले की हातचा. एका बेरजेत तीन जातीचे हातचे! मला तर हातापेक्षा हातचे जास्त झाल्यासारखं वाटे. गणिताच्या तासाला मी जो काही मार खाल्ला, त्याचा निम्मा वाटा त्या मधल्या रकान्याचा आहे.

आजीचं मात्र याच्या नेमकं उलट. तिच्या लहानपणी तिचे भाऊ तिन्हीसांजेला परवचा म्हणत, तो तिनं स्वयंपाकघरात वाती वळता वळता ऐकला. भावांच्या तो लक्षात राहिला नाही, हिच्या राहिला. नुसते पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, इतकंच काय, साडेतीनची औटकीसुद्धा. "साडेसात आण्यांनी सव्वातीन शेर" असलं काही विचारलं की कपाळाला आठी न पडता उत्तर यायचं, आणि भाजीवाली आपल्या बोटांची पेरं मोजून तेच उत्तर पाच मिनिटांनी सांगायची. गल्लीतल्या बायका वाण्याची चिठ्ठी घेऊन आजीकडे येत. वाणीही आजीला टरकून होता. तिच्याकडे पैशांची वेगळी भाषा होती. दोन आण्यांची ती चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. आणि वाचता येत नसलं तरी जमाखर्चाच्या वहीतल्या उभ्या रेघा तिला कळत. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पावली, दोन म्हणजे अधेली, तीन म्हणजे बारा आणे. घरातला एवढाच मजकूर ती स्वतः वाचू शकत असे, आणि तो ती रोज वाचत असे.

अशा या व्यवस्थेवर दिल्लीहून वीज कोसळली. कोसळली म्हणजे अगदी अचानक नव्हे. नाण्यांच्या कायद्यातली दुरुस्ती १९५५ सालीच झाली होती, आणि तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. पुढे १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. त्यामुळे आमच्या गावात मोठाच पेच पडला. नव्या पैशाला शिव्या द्याव्यात तर त्या चिंतामणरावांना लागतात, आणि चिंतामणरावांना तर गावानं डोक्यावर घेतलेलं. अखेर कायदा त्यांचा असला तरी अंमल कृष्णम्माचारींच्या कारकिर्दीत होतोय, असा शोध पारावर लागला आणि सगळे मोकळेपणानं बोलू लागले. त्यातून नुकत्याच निवडणुका होऊन संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला आमच्या भागात धूळ चारलेली. दिल्लीहून आलेली कोणतीही गोष्ट, मग ते नाणं का असेना, दोनदा दगडावर आपटून बघायची असे ते दिवस होते. आणि मुहूर्त कोणता, तर १ एप्रिल! हा मुहूर्त आर्थिक वर्षाचा आहे असं वडील परोपरीनं सांगत. ऐकणारा हसून डोळा मिचकावी.

एक आहे. ज्यांनी हा बदल योजला ते काही वेडे नव्हते. त्यांनी रुपयाला हात लावला नाही. रुपया होता तेवढाच राहिला, आणि जुनी पावली नि अधेली अनुक्रमे २५ आणि ५० नव्या पैशांची म्हणून चालू राहिली. बदल झाला तो आतल्या खुर्द्यात. आणि जुन्या पैशाची नव्याशी गल्लत होऊ नये म्हणून नव्याच्या मागे 'नया' लावला. तो शब्द बढाईचा नव्हता. एकाच नावाची दोन मुलं वर्गात असली की मास्तर एकाला 'थोरला' म्हणतात, तशातला तो प्रकार. त्याची गरज किती होती ते पुढे कळेलच.

नवी नाणी दिसायला सुरेख होती. एक नया पैसा ब्राँझचा, दहाचं नाणं पाकळ्यापाकळ्यांचं, पाचाचं चौकोनी. त्यावर 'रुपये का सौवाँ भाग', 'रुपये का दसवाँ भाग' असं हिंदीत छापलेलं होतं. म्हणजे ज्याला अपूर्णांक येतात त्यालाच नाणं वाचता यावं. पण जुनी दुवन्नीही चौकोनी होती. खिशात हात घातला की दोन चौकोन बोटांना लागत, एक साडेबाराचा आणि एक पाचाचा. अंधारात देवळात कोणता चौकोन पडला या चिंतेनं आरतीत लक्ष लागत नसे. आणि तो एक नया पैसा! वजन दीड ग्रॅम. आमच्या शेजारच्या काकांची तक्रार अशी की, हा पैसा हातातून पडला तर आवाजसुद्धा करत नाही. जुना पैसा पडला की घरभर कळायचं. पैसा गेल्याचं निदान दुःख तरी करता यायचं.

तक्रारी अशा एकेकाच्या धंद्याप्रमाणे निघत. माझी तक्रार लिमलेटच्या गोळ्यांची होती. कोपऱ्यावरच्या दुकानात पैशाला चार गोळ्या मिळत. भोकाचा पैसा, युद्धाच्या काळात तांबं वाचवायला सरकारनं मधोमध भोक पाडलेला, तो बोटात अंगठीसारखा घालून दुकानात जायचं नि चार गोळ्या घेऊन यायचं. नव्या पैशाला किती? हिशेबानं दोन गोळ्या आणि वर निम्म्याहून थोडी अधिक, अडीच नि वर चाटण्यापुरती. दुकानदारानं तो वरचा तुकडा देशाच्या प्रगतीसाठी स्वतःकडे ठेवला आणि दोन दिल्या. आम्ही पोरांनी दोन दिवस दुकानावर बहिष्कार घातला. तिसऱ्या दिवशी तोंडाला पाणी सुटलं.

मोठ्यांच्या तक्रारीचं मूळ त्या कोष्टकातच होतं. आण्याचे खरे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वा पैसा कुठून आणायचा? म्हणून नियम असा की, अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुरा एक धरायचा. त्यामुळे एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे साडेबाराऐवजी बारा आणि तीन आण्यांचे पावणेएकोणीसऐवजी एकोणीस. नियम सरळ होता. माणसं सरळ नव्हती. आण्याच्या चार वस्तू एकदम घेतल्या तर २५ पैसे, चार वेळा जाऊन घेतल्या तर २४. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी एका सकाळी वाण्याकडे चार खेपा केल्या. वाण्यानंही डाव ओळखला. कारण पैशाच्या वस्तूंना हेच उलटं होतं. एक जुना पैसा म्हणजे दीडाहून जरा जास्त, म्हणजे कोष्टकाप्रमाणे दोन नवे पैसे. चार वस्तू सुट्या विकल्या की आण्याच्या मालाचे आठ! मग तो काड्यापेटी, सुई, हिंगाची पुडी वेगवेगळी मोजू लागला. आण्याच्या वस्तू सुट्या मागणारं गिऱ्हाईक आणि पैशाच्या वस्तू सुट्या विकणारा वाणी, असे दोघं एकमेकांसमोर उभे, नि मागे रांग.

सरकार स्वतः तरी कोष्टकाप्रमाणे वागेल की नाही? टपालखात्यानं दोन आण्यांचं पाकीट १३ नव्या पैशांना केलं. कोष्टक म्हणतं १२, पोस्ट म्हणतं १३. वडिलांनी वर्तमानपत्राला या विषयावर पत्र लिहिलं. 'शासनाचा उजवा हात' अशी त्याची सुरुवात होती. ते पत्र पाठवायलाही १३ नवे पैसे पडले, आणि ते छापून आलं नाही, हे दुसरं दुःख.

माझ्या मते यातली खरी अडचण कोणी नीट बोलून दाखवली नाही. बोलून दाखवली ती आजीनं, आणि तीही भाजीवालीला. एक दिवस भाजीवाली ओट्यावर टोपली ठेवून रडकुंडीला आलेली. आजी तिला सांगत होती, "अगं, भाकरी कशी मोडतेस? निम्मी. मग निम्म्याची निम्मी. मग त्याचीही निम्मी. रुपया तसा मोडायचा. अधेली, पावली, चवली, आणा, मग दोन पैसे, मग एक पैसा. सहा वेळा मोडला तरी हातात पुरा तुकडा. यांचा शंभराचा रुपया मोडून बघ. पन्नास, पंचवीस, आणि मग? साडेबारा. तिसऱ्यांदा मोडला की भुगा."

पुढे कॉलेजात मला एका प्राध्यापकांनी बराच वेळ खडू झिजवून सांगितलं की ६४ हा दोनाचा सहावा घात आहे आणि शंभरात दोनाचा घात दुसराच. तेव्हा मला ती भाकरी आठवली. बाजार निम्म्यानिम्म्यानं चालतो. शेर, अर्धा शेर, पावशेर, अदपाव, छटाक. बाईला भाजी निम्मी हवी असते, दशांश नको असते. सरकारला हिशेब दहादहानं हवा होता, कारण सरकारला खतावणी लिहायची होती, टक्के काढायचे होते, यंत्रं वापरायची होती. आणि ती सोय खोटी नव्हती. त्या १ एप्रिलनंतर माझ्या गणितातले हातचे तीन जातींवरून एका जातीवर आले, आणि आयुष्यात प्रथमच मी दहापैकी नऊ गुण मिळवले. वडिलांना आधी वाटलं कॉपी केली.

आणि इथूनच घरातलं वातावरण बदललं. त्या नऊ गुणांनी मी इतका फुगलो की वाण्याची चिठ्ठी आता मी तपासू लागलो. गल्लीतल्या बायका दारात यायच्या, नेहमीसारखं "काकू आहेत का?" म्हणायच्या, आणि चिठ्ठी माझ्या हातात द्यायच्या. आजी आतून विचारायची, "किती झाले रे?" मी म्हणायचो, "एक रुपया सदतीस." ती क्षणभर थांबायची. मनात ते आण्यांत नेऊन, पडताळून परत यायची. पण तोवर बाई गेलेली असायची. पुढे पुढे ती विचारेनाशी झाली. वही तिच्यापुढे ठेवली तर त्यात उभ्या रेघा नव्हत्या. आकडा, मग एक ठिपका, मग आणखी दोन आकडे. "हा माशीनं घाण केलेला ठिपका कसला?" असं तिनं एकदा विचारलं. मी दहा वर्षांच्या पोराच्या सगळ्या विद्वत्तेनिशी "दशांशचिन्ह" असं उत्तर दिलं, आणि समजावून सांगितलं नाही. समजावून सांगता आलं असतं. पण मला ते तिला न कळण्यातच मजा वाटत होती, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. त्या उन्हाळ्यात आजी फार वेळ वाती वळत बसायची. आमच्या देवाला इतक्या वाती लागत नसत.

आणि मग तात्या आले.

तात्या म्हणजे गावचे सावकार. आत्याचं लग्न १९५६ साली झालं, त्यासाठी वडिलांनी त्यांच्याकडून चारशे रुपये घेतले होते. व्याज 'दरमहा दर रुपयास एक पैसा', असं कागदावर लिहिलेलं. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात सावकारांच्या व्याजाला लगाम घालायची सोय होती. पण आत्याचं लग्न काही कायद्याला विचारून ठरलं नव्हतं. तर त्या मे महिन्याचं व्याज वडिलांनी चार रुपये पाठवलं. आणि चार रुपये घेऊन तात्या स्वतः आमच्या ओसरीवर हजर झाले.

"मास्तर, हिशेब चुकला."

"चुकला कसा? रुपयाला पैसा. चारशे रुपयांचे चारशे पैसे. शंभराचा रुपया. चार रुपये."

"अहो, तो पैसा जुना!"

"कागदावर जुना-नवा लिहिलेलं नाही. पैसा म्हटलंय. पैसा आता रुपयाचा शंभरावा भाग आहे. नाण्यावरच छापलंय, वाचा."

माझे वडील अतिशय सज्जन गृहस्थ होते. खडूचा तुकडा शाळेतून घरी आला तर तो परत नेऊन ठेवणारे. पण पगार मास्तरचा आणि कर्ज लग्नाचं. हातात आयती आलेली पळवाट त्यांनी सोडली नाही, याचा मी त्यांना दोष देत नाही.

तात्या हसले. "बरं, आपण सरकारी कोष्टकच बघू. ते काय तुमच्याच भिंतीवर आहे. ए बाळ, एका जुन्या पैशाचे नवे किती?"

घरचा गणिती म्हणून मला हाक आली! मी छाती काढून माजघरात गेलो, वाचून आलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "दोन!"

"शाबास. चारशे पैसे, दुणे आठशे. आठ रुपये. मास्तर, अजून चार द्या."

वडिलांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरलेलो नाही. चार रुपयांचे आठ झाले होते, आणि ते मी केले होते, सरकारी पुराव्यानिशी. वडील गोरेमोरे झाले. आई दाराआड येऊन उभी राहिली. कोष्टक वडिलांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातलं होतं, तेव्हा ते खोटं म्हणण्याचीही सोय नव्हती.

तेवढ्यात आजी वातींची परडी घेऊन बाहेर आली आणि खांबाशी टेकून बसली.

"तात्या, पैसे दिलेस तेव्हा पैसा कुठला होता रे?"

"काकू, जुना. तेच तर म्हणतोय मी."

"आई, तू यात पडू नकोस," वडील म्हणाले.

"पडते. जुना पैसा घेतला तर जुनाच द्यायचा. तुझे चार रुपये खोटे." वडिलांनी मान खाली घातली. तात्यांचा चेहरा उजळला. आजी त्यांच्याकडे वळली. "आणि तुझे आठही खोटे. पैसा पैसा वेगळा मोजून त्याचे दोन दोन करतोस? ते काड्यापेटी विकणाऱ्यानं करावं. आधी बेरीज करायची, मग मोडायचं. चारशे पैसे म्हणजे शंभर आणे. सोळा सक शहाण्णव. सहा रुपये झाले, उरले चार आणे. सहा रुपये चार आणे. मागच्या महिन्यापर्यंत हेच घेत होतास ना?"

तात्या काही बोलेनात.

"सहा रुपये आणि एक पावली. पावली तरी तुम्हा सगळ्यांना मान्य आहे ना? जुनी पावली, नवी पावली, दोन्ही सारख्याच. बाळ्या, आण."

पुढे मोठेपणी मी तो कायदा काढून पाहिला. १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै यांचे १०० नवे पैसे, असा दर त्यात ठरवून दिलेला आहे, आणि जुन्या करारातले आणे-पैसे त्याच दरानं धरायचे. त्या दरानं चारशे पैशांचे बरोबर ६२५ नवे पैसे होतात. वडिलांनी नाण्यावर छापलेलं वाचलं, मी कोष्टकात लिहिलेलं वाचलं, तात्यांनी स्वतःला सोयीचं तेवढं वाचलं. बिनचूक उत्तर जिला वाचता येत नव्हतं तिचं आलं, आणि त्यात आमच्या घराचं दरमहा सव्वादोन रुपयांचं नुकसान होतं. तेवढ्यात आठवड्याचं दूध भागत असे. वडील दोन दिवस आजीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाण्याची चिठ्ठी माझ्या हातातून काढून तिला वाचून दाखवली आणि विचारलं, "बघ गं, बरोबर आहे का?"

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांच्या बाबतीत तोच आहे. माणसं रुळली. १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द सरकारनं काढून टाकला, कारण जुना पैसा ओळखणारा कोणी बाजारात उरला नव्हता. गोव्यातल्या आमच्या एका नातेवाइकांचं म्हणणं असं की, तुम्ही कसल्या एका बदलाच्या गोष्टी सांगता? त्यांच्याकडे पोर्तुगीज रुपियाचे सोळा टांगा होते. ते जाऊन १९५८-५९ च्या सुमारास एश्कुद आणि सेंताव्ह आले. ते पाठ होतात न होतात तो १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपयाबरोबर नये पैसे येऊन दाखल झाले. एका बिचाऱ्या दुकानदारानं पाच वर्षांत किती कोष्टकं टांगली असतील! आणि ज्या इंग्रजांना आपण हिशेबात पक्के समजतो, त्यांचा पौंड २४० पेन्सांचा होता. तो शंभराचा व्हायला १५ फेब्रुवारी १९७१ उजाडावा लागला, म्हणजे आपल्यानंतर चौदा वर्षं. त्यांनीही आपल्यासारखंच 'न्यू' पेनी म्हटलं आणि ते 'न्यू' १९८२ साली काढलं. त्यांच्या सहा पेनीच्या लाडक्या नाण्याला लोकाग्रहास्तव १९८० पर्यंत जगू दिलं होतं. त्याची किंमत भरत होती अडीच नवे पेन्स. तिथल्या आज्याही काही कमी नव्हत्या, असं दिसतं.

पावली शेवटी गेली ती ३० जून २०११ ला. २५ पैशांपर्यंतची सगळी नाणी त्या दिवसानंतर चलनातून बाद झाली. म्हणजे जुनं आणि नवं जिथं एकमेकांना पटत होतं, नेमकं तेच नाणं गेलं. आणे मात्र अजून गेलेले नाहीत. आमच्याकडे गुंठ्याचे आजही सोळा आणे असतात, आणि भावाभावांची भांडणं त्यातल्या एकेका आण्यावरून होतात. दुष्काळाची चाहूल लागली की वर्तमानपत्रात मथळा येतो, 'आणेवारी ५० पैशांच्या आत'. सरकारदरबारी तिला पैसेवारी म्हणतात, पण पीक बुडालेला शेतकरी आणेवारीच म्हणतो. मथळ्यात दोन्ही राज्यं एकाच ओळीत नांदताना दिसली की मला आजीची आठवण येते.

तात्यांचं कर्ज फिटलं १९६१ सालच्या दिवाळीत. व्याजाची वही माझ्याकडे आहे. त्या मे महिन्याच्या रात्री आजीनं मला बोलावलं होतं.

"तुझ्या पद्धतीनं लिही."

मी लिहिलं, ६.२५.

"तो ठिपका मोठा काढ. एवढ्याशा ठिपक्यावर घर चालायचं तर तो मला दिसला पाहिजे."

मी टाक दौतीत बुडवून ठिपका गिरवला. मग तिनं वही जवळ ओढली, बोट टेकवलं आणि म्हणाली, "आता इथं माझं लिही." मी सहाचा आकडा काढून त्यापुढे एक उभी रेघ मारली. तिनं ती वाचली. त्यानंतर दर महिन्याला, साडेचार वर्षं, वहीत दोन्ही लिहिलेलं आहे. डावीकडे ६ आणि एक उभी रेघ, उजवीकडे ६.२५, आणि मधल्या ठिपक्याची शाई पलीकडच्या पानापर्यंत उतरलेली.